मान वर करून बोल

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी सांगायला नको. मोहोळच्या बाजारात माझी आई वांगी घेताना एकेक उलटं करून देठाखाली नख लावून बघायची, आणि विकणारी बाई कितीही गोड बोलली तरी तिला हूं की चूं करायची नाही. ती सवय मी माहेराहून आणली. गेल्या वर्षी आमच्या घरात जे झालं, त्यात मी सगळ्यांवर संशय घेतला. शेजारणीवर घेतला, डॉक्टरवर घेतला, पोटच्या पोरीवर घेतला आणि सगळ्यांत जास्त आप्पांवर घेतला. आप्पा म्हणजे माझे सासरे. ज्याच्यावर घ्यायला पाहिजे होता, ते डबडं मात्र मी दिवसभर हातात घेऊन फिरत होते.

आप्पांनी अडतीस वर्षं मागावर काढली. माग म्हणजे यंत्रमाग, हे सोलापुरात सांगावं लागत नाही. चादरी विणायचे. मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा सकाळी सातपासून खटखट सुरू व्हायची आणि शेजारणीकडं मीठ मागायचं तरी ओरडून मागावं लागायचं. मला पहिले काही दिवस वाटायचं, इथं घरोघरी भांडणंच चालू आहेत. महिनाभरात मीही तशीच ओरडायला लागले. आता गल्लीतले निम्मे कारखाने बंद आहेत, पण आवाज कुणाचा उतरलेला नाही. आप्पांचा तर नाहीच. ते साधं 'पाणी दे' म्हणाले तरी कोपऱ्यावरच्या गिरणीत ऐकू जातं.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी मी आप्पांना चहा द्यायला गेले. डोक्यावर पदर, पदराचं टोक दातात, नजर फरशीवर. आमच्याकडं सासऱ्यापुढं सून अशीच उभी राहायची. 'चहा घ्या' म्हटलं. आप्पा ढिम्म. पुन्हा म्हटलं. ते आपले माझ्या डोक्यावरच्या पदराकडं बघत बसलेले. चहावर साय धरली. म्हटलं, यांना मी पसंत नव्हते वाटतं.

सासूबाईंनी दारातून हे बघितलं. मला आत नेऊन म्हणाल्या, "ह्ये बग, आप्पांशी बोलताना पदर तोंडावर धरायचा न्हाय. म्होरं उभारायचं आन मान वर करून बोलायचं."

"आवो, सासरे हायत की ते."

"म्हणूनच सांगती."

मला वाटलं, काय सुधारलेली माणसं आहेत. माहेरी गेल्यावर चार बायकांत फुशारकी मारली. आईला मात्र लगेच संशय आला. "सासऱ्याम्होरं मान वर? तुझ्या सासूच्या मनात काय हाय ते बग आदी," म्हणाली. मी तिला वेड्यात काढलं. आता वाटतं, दोघींतली एकही शहाणी नव्हती.

सासूबाई स्वतः आप्पांशी बोलायच्या त्याची एक रीत होती. आधी त्यांच्या कोपराला हात लावायचा, ते वळले की समोर उभं राहायचं, मग तोंड उघडायचं. स्वयंपाकघरातून त्यांनी कधी हाक मारली नाही. भाकरी थापता थापता पिठाचे हात घेऊन बाहेर यायच्या आणि समोर जाऊन 'जेवायला चला' म्हणायच्या. घराची रीत म्हणून मीही समोर जाऊन बोलायला लागले. आमचे हे तर लहानपणापासून तसंच बोलत होते. पुढं माझी पोरगीही तेच शिकली. का करतो असं, ते कुणी विचारलं नाही. आप्पांना जरा कमी ऐकू येतं एवढं सगळ्यांना माहीत होतं, पण आमच्या गल्लीत मागावर काम केलेल्या प्रत्येकालाच जरा कमी ऐकू येतं. त्याचं कुणाला काही वाटत नाही.

तीन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. कोपराला लावणारा हात गेला.

मी घरी शाळेचे गणवेश शिवते. पूर्वी मापं वहीत लिहून यायची, आता फोनवर फोटो येतात. कुठल्या शाळेची कॉलर कशी, कुठलं बटण, किती नग, सगळं त्यातच. म्हणून फोन शिलाई मशीनवर, दोऱ्याच्या डब्याला टेकवून ठेवायचे. ठेवायचे कामासाठीच. पण मापं बघता बघता कुणाच्या डोहाळजेवणाचे फोटो, तिसऱ्याच बाईच्या पुरणपोळ्या, कुठल्यातरी गावच्या कुत्र्याची करामत, असं करत करत तास कुठं गेला त्याचा पत्ता लागायचा नाही. हे कारखान्यातून दमून आले की दिवाणावर आडवे आणि फोन छातीवर उभा. पोरगी कॉलेजात, तिच्या कानात कायम ती पांढरी बोंडं. जेवायला बसलो की ताटं चार आणि फोन तीन.

आप्पांकडंही एक फोन होता, यांचा जुना. पण जेवताना ते घेत नसत. ते आमच्या तोंडाकडं बघत बसायचे. आधी यांच्याकडं, मग माझ्याकडं, मग पोरीकडं, परत यांच्याकडं. मला ते नकोसं व्हायचं. हा म्हातारा सारखा काय टक लावून बघतो, असं मनात यायचं. लाज वाटते आता, पण यायचं.

त्यातच माझी मान धरली. आधी उजवीकडं वळेना, मग खांद्यातून कळ यायला लागली, बोटांना मुंग्या. झोप उडाली. कुणी काही विचारलं की अंगावर धावून जायचे. मी उशी बदलली. गादी उन्हात टाकली. शेजारीण माझ्या नव्या मशीनकडं दोनदा बघून गेली होती, म्हणून मीठमोहऱ्याही ओवाळून टाकल्या. शेवटी गल्लीच्या तोंडावरच्या डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्यांनी मान दाबून विचारलं, "फोन किती वेळ बघता?"

"कामापुरता."

"तरी किती?"

"सांगितलं की, कामापुरता."

"मान वर ठेवायची," त्या म्हणाल्या, "खाली घालून बसायचं नाही." आणि हे सांगताना त्या स्वतःच फोनमध्ये खाली बघत होत्या. मी बाहेर येऊन म्हटलं, बाईला दुखणं कळलेलं नाही, म्हणून फोनचं नाव सांगते. हल्ली काही झालं की फोन. गोळ्या घेतल्या आणि परत मशीनवर बसले.

आता दुधाचं सांगते. एका सकाळी मी फोनवरची मापं खडूनं कापडावर उतरवत होते. मशीनवरून न उठताच म्हटलं, "आप्पा, दूध ठेवलंय. तेवढं बघा." आप्पा म्हणाले, "व्हय व्हय." मी माझ्या कामात. करपल्याचा वास सुटला तेव्हा दोघंही एकदमच उठलो. पातेल्याचा तळ कोळसा झाला होता. आणि आप्पा मलाच विचारतात, "दूध कुणी ठिवलं व्हतं गं?"

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. नाटक करतोय का म्हातारा?

मग दुसरं. मी दळण आणायला निघताना चप्पल घालत सांगितलं, की शिवलेल्या गणवेशांचा गठ्ठा न्यायला माणूस येईल, दार उघडा. "व्हय व्हय." माणूस आला, पाच मिनिटं दार बडवून गेला. आप्पा आत खिडकीशी आपल्या कॉटवर दाराकडं पाठ करून बसलेले. मी परत आले तर म्हणतात, कुणीच आलं न्हाय. मग पोरीच्या परीक्षेचं. तिनं त्यांना तीनदा सांगितलं होतं म्हणे, आणि पेपर संपल्यावर ते तिला विचारतात, "परीक्षा कवा हाय तुजी?" ती हसली. मला हसू आलं नाही.

यांनी फोनवर वाचून काढलं. विसरणं, भलतंच उत्तर देणं, एकटं बसणं, माणसांकडं टक लावणं. सगळं जुळत होतं. मला वाचून दाखवलं आणि म्हणाले, "आप्पांचं डोकं चालंना झालंय."

तेवढं एक वाक्य घरात आलं आणि सगळ्याचा अर्थ लागल्यासारखा झाला. आप्पांनी चहात साखर जास्त घातली की आम्ही एकमेकांकडं बघायचो. सदऱ्याचं बटण चुकलं की बघायचो. माझी पोरगी त्यांच्याशी मोठ्यानं, एकेक शब्द तोडून बोलायला लागली, बालवाडीतल्या पोराशी बोलावं तसं, आणि तेही फोनमधून डोकं वर न काढता.

माझे दीर अक्कलकोटच्या पुढं गावी शेती करतात. घर रानात, शेजार नाही. दिवसभर माणसं शेतात, घरात कुत्रं आणि कोंबड्या. यांनी ठरवलं की आप्पांना तिकडं ठेवायचं. इथं गॅस, रस्ता, गाड्या, तिकडं मोकळं. मला ते पटलं नव्हतं आणि मी नाहीही म्हटलं नाही. आप्पा बारा वर्षांचे असताना ते गाव सोडून आले होते. त्यांचं जे काही होतं, ते सोलापुरात होतं. तिकडं पाठवणं म्हणजे झाड उपटून पत्र्यावर ठेवणं, हे मला कळत होतं. पण पातेलं करपलेलं मी घासत होते, आणि माझी मान दुखत होती.

आप्पांसमोर बोलायचं नाही म्हणून आम्ही नवरा-बायको एका खोलीत बसून फोनवर लिहायचो. हे दिवाणावर, मी मशीनवर, मध्ये आप्पा. यांनी लिहिलं की माझा फोन उजळायचा. मी वाचायचे आणि नकळत आप्पांकडं बघायचे. आप्पा माझ्याकडंच बघत असायचे. मग ते यांच्याकडं बघायचे. दिराशी बोलायचं असलं की हे गॅलरीत जायचे, काचेचं दार लावून घ्यायचे आणि काचेआड उभारून हळू आवाजात बोलायचे. आप्पांची कॉट त्या काचेला लागूनच आहे. मी म्हणायचे, दार नीट लावा, ऐकू जाईल.

"काय लपवताय रं माझ्यापासनं?" एकदा आप्पांनी विचारलं.

"काही नाही, आप्पा," हे फोनमध्ये बघत म्हणाले.

आप्पा परत खिडकीकडं वळले. त्या दिवसापासून त्यांनी विचारणं सोडलं, आणि मी म्हटलं, बघा, संशय घेणं हेही त्या आजाराचंच लक्षण आहे. आमच्या घरात कोण कुणावर संशय घेत होतं, याचा हिशोबच राहिला नव्हता.

मग मला ती बाई दिसली. दुपारी आप्पांना हाक मारायला गेले तर ते फोन खिडकीच्या गजाला टेकवून, अगदी जवळ जाऊन बसलेले. फोनवर एक बाई. ठसठशीत कुंकू, काठाची साडी, तिशीतली असेल. नुसतं तोंड दिसत होतं आणि ती सारखी बोलत होती. आणि आवाज बंद. मधेच आप्पा मान हलवत होते, मधेच 'आरारा' म्हणत होते. मी दारातच थिजले. मला बघून त्यांनी फोन पालथा घातला.

दुसऱ्या दिवशी तीच बाई. तिसऱ्या दिवशीही. आवाज कायम बंद. सासूबाईंना जाऊन तीन वर्षं, आणि हा काय चळ, म्हटलं. यांना सांगायची सोय नव्हती. पोरीला विचारावं तर तिच्या कानात बोंडं. हल्ली म्हाताऱ्यांना फोनवरून गोड बोलून लुबाडतात, तसलं काही असेल, असंही वाटलं. त्यात घरातून वस्तू जायला लागल्या. आप्पांच्या ट्रंकेतली नवी, घडी न मोडलेली चादर गेली. मग त्यांची मागावरची कात्री, जी ते पोरीला हात लावू देत नसत, ती गेली. मी गुपचूप पोरीची बॅगही तपासली. मग सूत ओवायचा हुक गेला. रोज चार वाजता आप्पा पिशवी घेऊन बाहेर पडायचे आणि रिकामी पिशवी घेऊन परत यायचे. म्हटलं, हिलाच नेऊन देतात की काय.

दीर आप्पांना न्यायला रविवारी येणार होते. गुरुवारी चार वाजता आप्पा निघाले आणि मी मागून निघाले. सासऱ्याचा पाठलाग करणारी सून आमच्या गल्लीत मीच पहिली असेन.

दोन गल्ल्या सोडून एक बंद पडलेला कारखाना आहे. त्याच्या दारात एक मावशी चहाचा गाडा लावतात. तिथं बाकड्यांवर तीन म्हातारे बसले होते. आप्पा गेले, त्यांच्यासमोर बसले. मी एका टेम्पोच्या आड उभारले. ती बाई आत्ता येईल, मग येईल, असं बघत होते. बाई काही आली नाही. पण मला एक गोष्ट खटकली. चार म्हातारे, चौघांचीही तोंडं चालू, आणि आवाज कसलाच नाही. ज्यांचं 'पाणी दे' गिरणीत ऐकू जातं, ते आप्पा नुसते ओठ हलवत होते. दोन्ही हातांनी काहीतरी रंगवून सांगत होते. समोरचा एक जण मांडीवर थाप मारून हसला, दुसऱ्यानं डोळे पुसले, आणि मग आप्पाही हसले. आप्पांना असं हसताना मी तीन वर्षांत बघितलं नव्हतं. घरात ज्या माणसाला धड उत्तर देता येत नव्हतं, त्याच्यापुढं तिघंजण कान देऊन बसले होते. कान नव्हे, डोळे देऊन.

मी गाड्यावर गेले. मावशी मला ओळखतात. विचारलं, "ह्ये असं काय बोलतात?"

"मागावरची माणसं हायत की ती," मावशी म्हणाल्या. "आत चाळीस माग चालू असल्यावर बोलायचं कसं? तोंड बगून. सवयच ती. कान तर कवाच गेलेत समद्यांचे."

"आमच्या आप्पांना जरा कमी ऐकू येतं."

मावशींनी चहा गाळता गाळता माझ्याकडं बघितलं. "जरा? तुमच्या आप्पांच्या मागं भोंगा वाजवला तरी वळायचे न्हाईत ते. बावीस वर्सं नांदताय तितं, तुमाला म्हाईत न्हाय व्हय?"

मी वळून आप्पांकडं बघितलं.

"चांगला माणूस चाललाय," मावशी पुढं म्हणाल्या. "रविवारी गावाकडं नेणार हाय म्हणं पोरगा. समद्यांना एकेक वस्तू वाटून टाकली त्यांनी. मलाबी चादर दिली बगा."

रविवारचं आम्ही आप्पांना सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. फोनवर लिहिलं होतं, आणि काचेचं दार लावून यांनी दिराला सांगितलं होतं.

घरी कशी आले, आठवत नाही. पायात चपलांचा जोड वेगवेगळा होता, हे दारात कळलं. मशीनवर फोन उजळत होता, तो उचलून मी पिठाच्या डब्यात टाकला. खरंच टाकला, रागानं. कुणाचा राग ते मला त्या वेळी सांगता आलं नसतं.

आप्पा रिकामी पिशवी घेऊन आले. कॉटवर बसले. मी त्यांच्या समोर जाऊन उभारले. दुखणारी मान जेवढी वर होईल तेवढी वर केली.

"आप्पा, तुमाला अजिबात ऐकू येत न्हाय?"

ते माझ्या ओठांकडं बघत होते. मला आता ते बघणं दिसलं. बावीस वर्षं मी त्याला बघणंच समजत होते, ते ऐकणं होतं.

"भांडं पडल्यालं कळतं," ते म्हणाले. "माणूस बोलल्यालं न्हाय कळत."

"कधीपासनं?"

"तू यायच्या आदीपासनं."

"मग सांगितलं का न्हाय?"

"सांगायचं काय त्यात? कळत व्हतं की समदं. तुजी सासू व्हती. तुमीबी म्होरं येऊन बोलत व्हता." मग म्हणाले, "आता खाली बगून बोलता. ओठ दिसत न्हाईत. तुमी बोललाय येवडं दिसतं. मग मी आपला व्हय म्हणतो."

दूध, गठ्ठा, परीक्षा. सगळ्याला ते व्हय म्हणाले होते.

"आन ती फोनमदली बाई?"

आप्पा लाजले. मग त्यांनी फोन काढला, बोटानं चाचपडत ती बाई लावली आणि माझ्यापुढं धरला. बातम्या सांगणारी बाई होती. सरळ समोर बघून, एकेक शब्द नीट उच्चारत बातम्या सांगत होती. कुठं पाणी आलं, कुठं बस उलटली.

"लई स्पष्ट बोलती," आप्पा म्हणाले. "माझ्याकडं तोंड करून. ह्या घरात ती एकलीच."

माझ्या डोळ्यांना धार लागली. पदरानं तोंड पुसायला गेले आणि हात मधेच थांबवला. तोंड झाकायचं नव्हतं.

"आप्पा, गावाकडचं तुमाला कसं कळलं?"

"काचंतनं दिसतं की. दार लावलं की आवाज आडतो, तोंड कुटं आडतंय?"

"मग भांडला का न्हाय? मला का बोलला न्हाय?"

आप्पांनी खिडकीच्या गजावरून हात फिरवला. "तुमी माझ्याकडं बगायचंच बंद केलं व्हतं. मला वाटलं, नको झालो आसंल."

हे सात वाजता आले. मी दारातच त्यांच्या हातातला फोन काढून घेतला आणि सगळं सांगितलं. त्यांना पटेना. म्हणाले, इतक्या वर्षांत मला, पोटच्या पोराला, कळलं नसतं का? मी म्हटलं, मागं जाऊन हाक मारा. आप्पा खिडकीकडं तोंड करून बसले होते. हे त्यांच्या पाठीमागं दोन पावलांवर उभारले आणि म्हणाले, "आप्पा." मग मोठ्यानं, "आप्पा." मग इतक्या मोठ्यानं, की पोरीनं आतून येऊन कानातली बोंडं काढली. आप्पा खिडकीबाहेर गाड्या बघत होते.

हे पुढं जाऊन त्यांच्या पायाशी फरशीवर बसले. काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि भरून आलं तशी मान फिरवली. भिंतीकडं बघत काहीतरी पुटपुटले. मलाही ऐकू आलं नाही.

"काय म्हणतूयास?" आप्पा त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. "तिकडं तोंड करून मला काय कळंना. हिकडं बगून बोल की."

यांना तोंड वळवावं लागलं. रडवेलं तोंड, पन्नाशीचा बाप्या. वडलांच्या समोर मान वर करून म्हणाले, "चुकलं, आप्पा."

"हां," आप्पा म्हणाले. "आता कळलं."

रविवारी दीर आले ते जेवून परत गेले. पुढच्या आठवड्यात आप्पांना कानाच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, फार उशीर झालाय, पण मशीन लावून थोडं ऐकू येईल. आप्पांचा मशीनवर विश्वास नव्हता. माझाही नव्हता.

कानाचं मशीन बसवून आणलं त्या दिवशी मी चहा केला आणि आप्पांच्या समोर उभारले. "आप्पा, चहा घ्या."

त्यांनी कप घेतला नाही. माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी एक केलं, जे मी उभ्या जन्मात त्यांना माणूस समोर असताना करताना बघितलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"परत म्हण," म्हणाले.

"चहा घ्या, आप्पा."

"असा हाय व्हय तुजा आवाज," आप्पा डोळे न उघडता म्हणाले. "बरा हाय की. मला वाटलं व्हतं लई किरकिरा आसंल."

पलीकडं शिलाई मशीनवर माझा फोन वाजायला लागला. आप्पा दचकले, डोळे उघडले, हात कानाकडं गेला.

"त्ये बंद कर आदी," म्हणाले. "मग बोल."

मी जाऊन तो बंद केला. परत आले तेव्हा चहावर साय धरली होती. ती बोटानं बाजूला करून आप्पांनी चहा घेतला, आणि मी समोर बसून बोलत राहिले.